हिशेब जुळला, उत्तर बरोबर आले का?

देवपूरच्या वैशाखात एका भिंतीची बाहेरची बाजू ५० अंशांवर आणि आतली ३५ अंशांवर स्थिरावली आहे, असे समजू. तिच्या जाडीत समान अंतरावर दोन बिंदू घ्या. प्रत्येक बिंदूचे तापमान म्हणजे दोन्ही शेजाऱ्यांची सरासरी. सुरुवातीला दोन्हींना ३५ धरा आणि सरासरी पुन्हापुन्हा काढा. आकडे ४५ आणि ४० कडे सरकतात. उष्णतेचे संगणकीय गणित मुळात असेच चालते.

मूळचे पुण्याचे सुहास पाटणकर यांचे 'न्यूमेरिकल हीट ट्रान्स्फर अँड फ्लुइड फ्लो' (१९८०) हे पुस्तक हाच विचार पुढे नेते. जागेचे कप्पे पाडा. प्रत्येक कप्प्यात उष्णतेची आवक-जावक जुळलीच पाहिजे, कप्पे मोठे असले तरीही. मांडणीत गणिताचे अवडंबर नाही, हा मोठाच गुण.

पण हिशेब जुळला म्हणजे उत्तर बरोबर, असे नव्हे. प्रवाह कप्प्यांना तिरका असला, की पुस्तकातील पद्धतीने गरम व थंड भागांमधली ठळक सीमा पुसट होते. लेखक हा दोष लपवत नाहीत. शिफारस मात्र त्याच पद्धतीची करतात.

म्हणून विद्यार्थ्यांना एक सवय लावावी : कप्पे निम्मे करून उत्तर बदलते का, ते पाहावे. बदलले, तर संगणकावर अजून विश्वास ठेवू नये.