विधवेची दमडी आणि आपली दानपेटी

मार्ककृत शुभवर्तमानातील दरिद्री विधवेचा प्रसंग (१२:४१-४४) आपल्या प्रवचनांत वारंवार येतो. ब वर्षातील सामान्य काळाच्या ३२व्या रविवारी तो मिस्सेत वाचला जातो. शिवाय चर्चचे छप्पर गळू लागले की तो कोणत्याही रविवारी आठवतो. आम्हीही तो अनेकदा वापरला आहे. 'वापरला' हा शब्द आम्ही जाणूनबुजून लिहीत आहोत. श्रीमंतांनी विपुलतेतून दिले, तिने कमतरतेतून दिले, तेव्हा तुम्हीही तसेच द्या, हे आमच्या प्रवचनाचे सार असे. हे वाचन मूळ उताऱ्याशी कितपत प्रामाणिक आहे, आणि दान स्वीकारणाऱ्या धर्मग्रामाला हा उतारा काय सांगतो, याचा येथे विचार करावयाचा आहे.

प्रथम उताऱ्याची सीमा पाहू. त्या रविवारसाठी वाचनसंग्रहात दोन पर्याय दिलेले आहेत: ओवी ३८ पासूनचे लांब वाचन आणि ओवी ४१ पासूनचे आखूड वाचन. वेळ वाचविण्यासाठी आखूड वाचन निवडले की नेमका प्रभू येशूचा इशारा गळतो. लांब झगे घालून मिरवणारे आणि लांबलचक प्रार्थना करणारे शास्त्री विधवांची घरे गिळतात, असे तो सांगतो, आणि लगेच एक विधवा दानपेटीपाशी येते. लूकच्या शुभवर्तमानात तर अध्यायाची सीमाच या दोन गोष्टींच्या मधून जाते. परंतु अध्यायांची आजची विभागणी १३व्या शतकातील आहे. लूकने ती केलेली नाही.

आता पुढे पाहू. विधवेपाशी दोन नाणी होती. एक ठेवून एक टाकता आले असते. तिने दोन्ही टाकली. मूळ ग्रीकमध्ये येथे 'बिऑस' हा शब्द आहे. त्याचा अर्थ उपजीविका असा होतो, तसाच जीवन असाही होतो. तिने सर्वांहून अधिक दिले, असे येशू शिष्यांना जवळ बोलावून सांगतो. मात्र 'तुम्हीही असेच करा' असे तो म्हणत नाही. मंदिरातून बाहेर पडताच एक शिष्य तेथील भव्य दगडांचे कौतुक करतो आणि येशू त्या वास्तूच्या विनाशाचे भाकीत करतो. इ.स. ७० मध्ये ते मंदिर पडले. तिची अखेरची दमडी अशा इमारतीच्या पेटीत गेली होती.

म्हणून काही अभ्यासक या प्रसंगात स्तुती नव्हे, केवळ विलाप पाहतात. आम्हाला इतक्या टोकाला जावेसे वाटत नाही. तिच्या दानाचे मोल येशूने निःसंशय मोठे ठरविले आहे. स्तुती त्या स्त्रीची आहे. प्रश्न आहे तो पेटी सांभाळणाऱ्यांना. आणि वाचकहो, पेटी सांभाळणारे आज आपण आहोत.

हा प्रश्न आम्हाला पुस्तकात नव्हे, नंदुरबार जिल्ह्यात भेटला. सातपुड्याच्या पायथ्याशी एका पाड्यावर प्रार्थनामंदिर नव्हते. एक वृद्ध भिल्ल शेतकरी आमच्याकडे आला आणि आपल्या तीन एकर कोरडवाहू जमिनीतील रस्त्यालगतचा तुकडा देऊ लागला. त्याला दोन मुलगे होते. आम्ही मनातल्या मनात वेदीची जागासुद्धा ठरवून टाकली होती!

कायद्याने आम्हाला थांबविले. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या ३६-अ कलमानुसार आदिवासीची जमीन बिगरआदिवासीकडे पूर्वपरवानगीशिवाय विक्रीने जाऊ शकत नाही, तशीच दानानेही नाही. 'दान' हा शब्द कायद्यात कशाला, असे प्रथम वाटले. याच भागाचा इतिहास आठवल्यावर उलगडा झाला. सावकारांच्या आणि मोठ्या जमीनदारांच्या हाती गेलेल्या जमिनींसाठी अंबरसिंग महाराजांसारख्या कार्यकर्त्यांनी शहादा परिसरात लढा दिला. १९७२ मध्ये तेथे भूमुक्ती मेळावा भरला. आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा १९७४ चा. ज्या भूमीवर अंगठा उमटवून जमिनी गेल्या, तेथे चर्चच्या नावे उमटलेला अंगठाही लोकांना वेगळा दिसत नाही.

"फादर, देवाला दिलेले तुम्ही परत का करता?" असे त्या बाबांनी विचारले. त्यांच्या डोळ्यांतील दुखावलेपण आम्ही विसरलेलो नाही. गरिबाचे दान नाकारणे हाही त्याचा अपमान होऊ शकतो. म्हणून आम्ही त्यांच्याकडून दुसरे मागितले: बांधावरचे बांबू आणि मांडवासाठी त्यांचे हात. सुगीच्या उपासनेत मक्याची पहिली कणसे त्यांनीच वेदीवर आणली. जमीन त्यांच्या मुलांकडे राहिली.

मलिन हातांच्या दानाविषयी ख्रिस्तसभेची परंपरा स्पष्ट आहे. मार्सियनने रोमच्या मंडळीला दिलेले दोन लाख सेस्टर्स, त्याला बहिष्कृत केल्यावर, परत करण्यात आले, असे तर्तुलियन सांगतो. जक्कयाने लुबाडलेल्यांना चौपट परत करण्याचे वचन दिले. चोरलेले आधी मालकाकडे गेले पाहिजे, वेदीकडे नव्हे. रिकाम्या हातांच्या दानाविषयी मात्र आपण फारसे बोलत नाही.

१९८३ च्या धर्मविधिसंहितेतील १२६७ वे कलम म्हणते की न्याय्य कारणाशिवाय दान नाकारू नये. महत्त्वाच्या बाबतीत नाकारण्यास, तसेच अटींसह आलेले दान स्वीकारण्यास, धर्माधिकाऱ्यांची अनुमती घ्यावी. आणि ज्या हेतूने दान दिले त्याच हेतूसाठी ते खर्चावे. नियम योग्यच आहे. 'न्याय्य कारण' या शब्दांत दात्याच्या घरची चूलही धरावी, एवढेच आमचे म्हणणे. धर्मग्राम परिषदेपुढे मोठे दान येईल तेव्हा ते कोठून आले हे विचारावे; ते दिल्यावर मागे काय उरले हेही विचारावे; आणि घरातील बाकीच्यांची, विशेषतः स्त्रियांची, संमती आहे का ते घरी जाऊन पाहावे.

त्याच रविवारचे पहिले वाचन सारफथच्या विधवेचे आहे. एलियानेही तिच्याकडे अखेरची भाकर मागितली, आणि तिने दिली. पण त्यानंतर तिच्या मडक्यातले पीठ सरले नाही. तो, ती आणि तिचे घर पुष्कळ दिवस जेवत राहिले. दान घेणाऱ्या हातांची परीक्षा तेथे आहे. पुढच्या वेळी छप्पर गळेल तेव्हा आम्ही लांब वाचन वाचू, आणि प्रवचन प्रथम स्वतःला ऐकवू.