मातीचे तोंड

अमेरिकेतील शाळांतून व हौशी कलावर्गांतून ‘पुएब्लो परंपरेच्या प्रेरणेने मातीचे मुखवटे’ घडविण्याचा उपक्रम चालतो. ओल्या मातीचा चेहरा करावयाचा, त्यावर पुएब्लो घटांवरील पायऱ्यापायऱ्यांची नक्षी रंगवावयाची आणि अखेरीस त्या चेहऱ्याची एक कथा रचून सांगावयाची, असे त्याचे सामान्य स्वरूप असते. अशा एका पाठाचा मराठी अनुवाद करण्याचा प्रसंग काही वर्षांपूर्वी माझ्यावर आला. त्या वेळी ‘मुखवटा’ हा शब्द लिहिताना हात जराही अडखळला नाही, याची आज खंत वाटते.

न्यू मेक्सिको व अ‍ॅरिझोना येथील पुएब्लो म्हणजे एकच एक जमात नव्हे. ते स्वतंत्र ग्रामसमाज आहेत आणि त्यांच्या भाषाही भिन्न कुळांतील आहेत. त्यांच्यापैकी होपी, झुनी आदी समाजांत मुखवटा धारण करणारा नर्तक कात्सिना या दैवी शक्तीशी एकरूप झालेला असतो. एप्रिल २०१३ मध्ये होपींचा विरोध डावलून अशा मुखवट्यांचा पॅरिस येथे जाहीर लिलाव झाला, तेव्हा होपींचा आक्षेप किंमतीविषयी नव्हता. ते ज्यांना सजीव सखे मानतात त्यांना वस्तू म्हणून मांडलेच कसे, हा त्यांचा प्रश्न होता. त्याच वर्षीच्या डिसेंबरातील लिलावात अ‍ॅनेनबर्ग प्रतिष्ठानाने अशा चोवीस वस्तू मूळ समाजांना परत करण्यासाठी विकत घेतल्या.

‘मुखवटा’ या आपल्या शब्दाला दोन टोके आहेत. गौरीचा किंवा खंडोबाचा मुखवटा म्हणजे साक्षात देवता. परंतु एखाद्याचा मुखवटा गळून पडला असे म्हटले की ते ढोंग ठरते. पाठातील मातीचा चेहरा या दोहोंतही बसत नाही. जड व ठिसूळ असल्यामुळे तो कोणी तोंडावर बांधीत नाही. तो भिंतीवर टांगला जातो. मागून तो रिकामाच असतो. मग पुएब्लो परंपरेशी त्याचे नाते कोणते? नक्षीचे, एवढेच म्हणावे लागेल.

वस्तुतः माती आणि कथा यांची सांगड त्या परंपरेत आहे, पण ती अन्यत्र आहे. कोचिटी पुएब्लोतील हेलन कॉर्डेरो (१९१५–१९९४) हिने पन्नाशीच्या दशकात मातीकाम आरंभिले तेव्हा तिची भांडी वाकडी होत, म्हणून ती लहान मातीच्या आकृतींकडे वळली. अलेक्झांडर जिरार्ड या संग्राहकाने मुले अंगावर घेतलेली मोठी बैठी आकृती मागितली, तेव्हा तिला आपला आजा सांतियागो किंताना आठवला. हा आजा नाणावलेला कथक होता. रूथ बेनेडिक्टसारख्या मानववंशशास्त्रज्ञांनाही त्याने कथा सांगितल्या होत्या. १९६४ मध्ये घडलेल्या त्या आकृतीच्या अंगाखांद्यांवर पाच मुले आहेत, डोळे मिटलेले आहेत आणि तोंड उघडे आहे. कॉर्डेरोच्या म्हणण्याप्रमाणे आजा विचार करतो म्हणून डोळे मिटलेले, आणि गातो म्हणून तोंड उघडे.

आपण घटाला तोंड, गळा, पोट व बूड आहे असे सहज म्हणतो. कोचिटीची आकृतीही घटाप्रमाणेच आतून पोकळ असते, चाकाविना हातांनी उभारलेली. काळा रंग एका रानवनस्पतीचा रस उकळून केलेला. त्या उघड्या तोंडामागे पोट आहे. भिंतीवरच्या चेहऱ्याला नेमके तेच नाही.

बेनेडिक्टच्या १९३१ च्या कोचिटी कथासंग्रहात मृत्तिका-म्हातारीची कथा आहे. म्हातारी घट वळीत असते, मृत्तिका-म्हातारा शेजारी नाचत असतो, आणि नाचता नाचता त्याचा पाय लागून घट फुटतो. ती काठी घेऊन त्याच्या मागे लागते. पुढे समेट होतो, घट पुन्हा घडतो आणि गावातील प्रत्येकाला मातीचा वाटा मिळतो. (हा विनोद गंभीर विवेचकांनी फारसा मनावर घेतलेला दिसत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याच कोचिटीत गोऱ्या आगंतुकांच्या खोडसाळ मूर्ती घडत होत्या आणि जाणते लोक त्यांना बाजारी खेळणी म्हणून बाजूस सारीत होते.)

कॉर्डेरोच्या आकृतीचे अनुकरण इतर पुएब्लोंतही पुष्कळ झाले. हे आपल्या आजाचे रूप आहे हे अनुकरण करणाऱ्यांना ठाऊक नाही, अशी तिची तक्रार होती. मला ती रास्त वाटते. तिचा आजा बाहेरच्यांपुढे मांडला गेला तो तिच्या इच्छेने. कात्सिनांच्या मुखवट्याविषयी ती मुभा कोणी दिलेली नाही. कोचिटीने तर आपली केरेस भाषाही लिपीबद्ध न करता मुखानेच शिकविण्याचे धोरण ठेवले आहे. ‘प्रेरणेने’ या सौम्य शब्दाखाली ही सीमा पुसली जाते, आणि ती पुसण्यास माझ्या अनुवादाचाही हातभार लागला.

त्या पाठाची दुरुस्ती मी अलीकडे केली. ‘कथाकार’ म्हटले तर लेखणी पुढे येते, ‘कथेकरी’ म्हटले तर देऊळ आणि पोथी. म्हणून मुखवट्याच्या जागी ‘गोष्ट सांगणारा आजा’ असे लिहिले, आणि मुलांनी आपापल्या घरातील गोष्ट सांगणारे माणूस घडवावे अशी सूचना घातली. नक्षीचा परिच्छेद गाळला.