आटपाट नगरातली दवंडी

मंडळी, संयोजकांनी मला जो विषय दिला तो असा: एका कठोर काल्पनिक राज्याची संस्कृती आणि राजकारण. त्यांच्या मनात 'गेम ऑफ थ्रोन्स' होतं, हे उघड आहे. ती मालिका मी पाहिली आहे. सगळी नाही, मुंडकी उडण्याचा कंटाळा आला की मी उठून चहा करायला जात असे. पण राजकारण त्यात चांगलं आहे. मूळ कादंबऱ्यांचा लेखक जॉर्ज मार्टिन, त्यानं २०१४ च्या एका मुलाखतीत टॉल्कीनबद्दल एक तक्रार केली होती. टॉल्कीन सांगतो की आरागॉर्न राजा झाला आणि त्यानं शहाणपणानं राज्य केलं. ठीक आहे, पण त्याचं करधोरण काय होतं?

हा प्रश्न वाचला आणि मला आपलं आटपाट नगर आठवलं. तिथल्या राजाबद्दल हा प्रश्न विचारावाच लागत नाही, कारण तिथली सगळ्यांत गाजलेली गोष्ट कराचीच आहे. आपण तिला भक्तीची गोष्ट समजतो. श्रावणी सोमवारी आई-आजी वाचायची, आपण हातात तांदूळ घेऊन बसायचो, लक्ष नैवेद्याकडे. म्हणून आज मी वेस्टेरोसला जाणार नाही. आटपाट नगरातच हिंडू या.

खुलभर दुधाची कहाणी. पोथ्यांत थोडे पाठभेद आहेत. आमच्या घरी जी पोथी होती ती धरून मी बोलतो. राजा शिवभक्त. त्याच्या मनात येतं, महादेवाचा गाभारा दुधानं भरावा. एवढं दूध आणायचं कुठून? प्रधान युक्ती सांगतो. दवंडी पिटली जाते की दर सोमवारी प्रत्येकानं घरचं सगळं दूध देवळात आणावं. आता 'सगळं' हा शब्द बघा. दहावा हिस्सा नाही, अर्धं नाही. लोकांना धाक पडतो. घरात वासराला दूध राहत नाही, पोराला राहत नाही. आणि गाभारा भरत नाही.

इथे राजा दुष्ट नाही, ही या कहाणीची खरी ताकद. तो कोणाला सुळावर देत नाही, कोणाचं घर जाळत नाही. त्याचा हेतू तर पवित्रच आहे. मार्टिनच्या राज्यात क्रौर्य ओळखू येतं, कारण तिथे क्रूर माणसं आहेत. एखादा पोरगेला राजा हसत हसत कोणाचा तरी छळ करतो आणि आपण त्याचा तिरस्कार करून मोकळे होतो. आटपाट नगरात तिरस्कार करायला कोणी सापडत नाही. एक सदिच्छा आहे, एक हुशार प्रधान आहे आणि एक दवंडी आहे. तेवढ्यावर गावभरची लेकरं उपाशी राहतात. कठोर राज्य म्हणजे काय, हे मला या मांडणीत जास्त कळलं.

मग म्हातारी येते. तिनं आधी घरातल्या माणसांना दिलं, लेकरा-सुनांना दिलं, वासरांना पाजलं. दुपारी उरलं ते खुलभर दूध, म्हणजे अगदी थोडं, घेऊन ती देवळात गेली, पूजा केली, ते ओतलं. गाभारा भरला. पुढच्या सोमवारी राजानं देवळात शिपाई बसवला. शिपायाला काही दिसलं नाही! मला हा तपशील फार आवडतो. पहारा करणारा माणूस मोठ्या घागरीची वाट बघत असणार. फाटक्या लुगड्यातली एक बाई वाटीएवढं दूध घेऊन आली, तिच्याकडे कोण बघतो? शेवटी तिसऱ्या सोमवारी राजा स्वतः बसला, तेव्हा म्हातारी सापडली.

आता नीट ऐका, माझा मुद्दा इथे आहे. राजानं हात धरल्यावर म्हातारी घाबरली. राजानं अभय दिलं, मग ती बोलली. तुझ्या आज्ञेनं वासरं तळमळली, पोरं तळमळली, मोठी माणसं हळहळली, ते देवाला आवडलं नाही, असं तिनं सरळ सांगितलं. म्हणजे तिनं गुन्हा काय केला होता? वासराला दूध पाजलं होतं. त्या राज्यात वासराला पाजल्याची कबुली द्यायलासुद्धा अभय लागतं. राज्य किती कठोर आहे हे मोजायचं असेल तर मी फाशींची संख्या मोजणार नाही. साधी, घरातली, बरी गोष्ट बोलण्यासाठी माणसाला परवानगी कुठपासून लागते, ते पाहीन.

राजानं ऐकलं. म्हातारीला सोडून दिलं. आणि काय केलं? पुन्हा दवंडी पिटली. आता आधी पोरांना, वासरांना द्या आणि मग देवाला. निर्णय बरोबर, पण साधन तेच. पहिल्या दवंडीनं उपाशी ठेवलं, दुसरीनं जेवू घातलं. गावानं दोन्ही वेळा कान देऊन ऐकलं. पुढे गाभारा भरतो, म्हातारीला इनाम मिळतं. पण मधल्या सोमवारांचं दूध? त्याची भरपाई पोथीत नाही. प्रधानाला कोणी जाब विचारल्याचंही नाही.

हीच दवंडी जिवतीच्या कहाणीत पुन्हा भेटते, आणि ती कहाणी तर फारच काळी आहे. राणीला मूल नाही. ती सुईणीला पैशांचं आमिष दाखवते. सुईण एका गरीब बाईच्या बाळंतपणात तिचे डोळे बांधते, मूल उचलते आणि जागी वरवंटा ठेवते. एका राज्याचा वारसा चोरीच्या मुलावर उभा राहतो. बाईला सांगितलं जातं, तुला वरवंटा झाला. तिला ते पटत नाही, पण जाब मागायला जागा कुठे आहे? ती नेम धरते. हिरव्या बांगड्या भरायच्या नाहीत, कारल्याच्या मांडवाखालून जायचं नाही, तांदळाचं धुवण ओलांडायचं नाही. आणि माझं बाळ जिथे असेल तिथे सुखी असो, म्हणून तांदूळ उडवायचे. वर्षानुवर्षं. हे व्रत आहे, मान्य. पण मला त्यात एक न लिहिता आलेली फिर्याद दिसते. पुढे तो मुलगा राजा होतो आणि दवंडी पिटतो की आज गावात कोणी चूल पेटवायची नाही, सगळ्यांनी माझ्याकडे जेवायला यायचं. जेवणाचंही फर्मान! तेव्हा ही गरीब बाई निरोप पाठवते: माझे नेम असे असे आहेत, ते पाळले गेले तरच येईन. राजा ते मान्य करतो. अख्ख्या आटपाट नगरात राजाला अटी घालणारी ही एक बाई. पुढे पंगतीत ओळख पटते, आई मिळते, वाडा बांधून मिळतो. राणी आणि सुईण यांच्याबद्दल कहाणी एक शब्द बोलत नाही.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो माझ्याच विद्यार्थ्यांनी पूर्वी घेतला आहे. सर, ह्या बायकांच्या व्रताच्या गोष्टी. त्यांच्यावर राजकारण कशाला लादता? मी म्हणतो, लादत नाही. राजा, प्रधान, शिपाई, दवंडी, अभय, इनाम, हे शब्द पोथीतले आहेत. शिवामुठीच्या कहाणीतली नावडती सून बघा. तिला उष्टं अन्न, जाडंभरडं वस्त्र, राहायला गुरांचा गोठा. घरातल्या घरात केलेली ही शिधावाटप-व्यवस्था आहे. ती देवाकडे मागते काय, तर मला आवडती कर. ती होतेही. पण 'नावडती' ही जागा त्या घरात रिकामी राहते, रद्द होत नाही. उद्या कोणीतरी तिथे बसेल. या कहाण्यांची ही मर्यादा मला बोचते, आणि सोज्वळपणाच्या नावाखाली आपण ती झाकू नये.

उर्सुला ल ग्विनची १९७३ सालची एक कथा आहे, ओमेलास नावाच्या सुखी शहराची. त्या शहराचं सगळं सुख तळघरात कोंडलेल्या एका मुलाच्या हालांवर चालतं. हे कळल्यावर काही माणसं मुकाट शहर सोडून निघून जातात. तत्त्वज्ञानाच्या वर्गात ही कथा छान चालते. पण आमची म्हातारी निघून कुठे जाणार? तिच्या घरी वासरं आहेत. ती राहते, आधी पाजते, उशिरा जाते. तिचा विरोध म्हणजे नुसता क्रम बदलणं. मला तो ओमेलास सोडणाऱ्यांपेक्षा अवघड वाटतो.

तरीही एक गोष्ट आटपाट नगरात कोणालाच सुचत नाही. सगळ्यांनी मिळून दूध घरी ठेवावं, हे. ती सुचली इथे, या खाडीच्या पलीकडे. चरी गाव इथून फार लांब नाही. १९३३ साली नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी खोत-सावकारांची जमीन कसायचं थांबवलं. १९३९ पर्यंत, सहा वर्षं. जमिनी ओसाड पडल्या, माणसांनी काय खाल्लं असेल ते तुमच्या घरातल्या थोरल्यांना विचारा. डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. कायद्यानं खोती गेली ती १९४९ च्या कायद्यानं. खोत हा काही कहाणीतला राजा नव्हे, पण सुगीला दारात उभं राहून आपला वाटा आधी मागणारा माणूस आपल्या खारेपाटातल्या कुळाला चांगला माहीत होता. त्या घरांतल्या बायकाही श्रावणात कहाणी ऐकत असतील. त्या ऐकताना राजाच्या जागी त्यांना कोण दिसत असेल, याचा मी पुष्कळ विचार केला आहे.

म्हातारी आणि चरीची कुळं यांत मी बरोबरी करत नाही. म्हातारीनं एकटीनं केलं आणि तिचं चाललं, कारण देव तिच्या बाजूनं होता. कुळांना तसा भरवसा नव्हता. गाभारा आपोआप भरेल असं कोणी सांगितलं नव्हतं. त्यांना शेजाऱ्यावर विसंबायचं होतं. शेजारी फुटला तर सगळंच गेलं. कहाणीत शेजारी नाहीतच, लक्षात आलं का? गाव आहे, धाक आहे, घरं आहेत. पण एका घरानं दुसऱ्या घराला विचारलं, तू सगळं दूध नेणार का गं, असा एकही संवाद नाही. तो पोथीत का नसावा, यावर मला तुमच्याकडून ऐकायचं आहे. मागे कोणीतरी हात वर केला आहे. बोला. पलीकडे जाणाऱ्यांनी मात्र आधी बोलून घ्या, त्यांना एसटी गाठायची आहे.