पाचटातलं नत्र: ‘आहे’ आणि ‘मिळतं’ यांतला फरक

बारामती-इंदापूरच्या कालव्याखालच्या पट्ट्यात खोडवा राखणाऱ्या बहुतेकांनी एक हिशोब ऐकलेला असतो. हेक्टरी 8 ते 10 टन पाचट निघतं आणि त्यातून पिकाला 40 ते 50 किलो नत्र मिळतं. ‘पाचट जाळू नका’ हे सांगताना हाच आकडा पुढे केला जातो. सांगणं योग्यच आहे, कारण पाचट पेटवलं की त्यातलं बहुतेक नत्र हवेत जातं. पण हेच वाक्य आपल्या प्रपोजलमध्ये जसंच्या तसं उतरतं, तेव्हा ते नीट तपासायला हवं.

आकडा खोटा नाही. वाळक्या पाचटात साधारण 0.4 ते 0.5 टक्के नत्र असतं, म्हणजे टनाला 4-5 किलो. गुणाकार बरोबर आहे, घोळ क्रियापदात आहे. एवढं नत्र पाचटात ‘आहे’. ते पुढच्या पिकाला ‘मिळतं’ का, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याला वेगळा प्रयोग लागतो.

आधी बघू, पाचटात नत्र इतकं कमी का? कारण उसाने ते आधीच काढून घेतलेलं असतं. पान म्हातारं व्हायला लागलं की हरितलवकांतली प्रथिनं मोडतात, त्यांची अमिनो आम्लं होतात आणि ती रसवाहिन्यांतून कोवळ्या पानांकडे आणि कांड्यांकडे जातात. आपण गोळा करतो ते पाचट म्हणजे ही आवराआवर झाल्यावर उरलेलं सामान. त्यात कर्ब भरपूर आणि नत्र थोडं. कर्ब-नत्र गुणोत्तर शंभराच्या आसपास जातं.

असं पाचट कुजवणाऱ्या जिवाणूंना स्वतःलाच नत्र कमी पडतं, म्हणून सुरुवातीला ते मातीतलं नत्र ओढून घेतात. यासाठीच टनाला 8 किलो युरिया टाकायची शिफारस असते. आता हिशोब करा. युरियात 46 टक्के नत्र, म्हणजे टनाला जवळपास 3.7 किलो. जेवढं नत्र पाचटातून ‘मिळणार’ म्हणतो, जवळजवळ तेवढंच आधी घालतोय! ते वाया जातं असं नाही, बरंचसं मातीत अडकून हळूहळू सुटतं. पण मग पाचटाचं श्रेय किती आणि युरियाचं किती, हे नुसत्या गुणाकारातून कळत नाही.

ब्राझील आणि ऑस्ट्रेलियात नत्र-15 या समस्थानिकाची खूण केलेलं पाचट शेतात टाकून पाहिलंय. लगेचच्या पिकात त्यातलं थोडंच नत्र पोहोचलं, बरंचसं मातीच्या सेंद्रिय भागात राहिलं. म्हणजे पाचट ही मुदत ठेव आहे, ती चालू खात्यासारखी वापरता येत नाही.

याने फरक काय पडतो? खोडव्याला हेक्टरी 250 किलो नत्राची शिफारस आहे. पाचटाच्या भरवशावर कुणी पहिल्याच वर्षी 50 किलो कमी केलं आणि ऊस पिवळा पडला, तर तो शेतकरी पुढच्या वर्षी काडी लावणार. चांगल्या सवयीची बाजू आपण फुगवून मांडली, तर नुकसान त्या सवयीचंच होतं.

दुसरी खोट मोजण्यातली. वरच्या हिरव्या पानात पावणेदोन-दोन टक्के नत्र, खालच्या वाळक्यात अर्धा टक्का. म्हणून ‘75 टक्के नत्र वर गेलं’ असं काही जण लिहून मोकळे होतात. पण आजचं वरचं पान म्हणजे खालच्या पानाचं बालपण नव्हे. दोन्ही वेगळ्या हंगामात, वेगळ्या उजेडात वाढलेली असतात. शिवाय वाळताना पानाचं वजनही घटतं, त्यामुळे टक्केवारी फसवते. एकाच पानाला खूण करा, ते हिरवं असल्यापासून वाळेपर्यंत त्याच वयाची पानं काढत रहा आणि नत्र दर पानामागे मिलिग्रॅममध्ये मांडा.

या बाबतीत माळेगाव खुर्दच्या राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेचं ‘सॉर्फ’ यंत्र मला जास्त पटतं. ते बुडखे छाटतं, वरंब्याच्या बगला फोडतं, जुन्या मुळ्या कापतं आणि पाचट शेतात असतानाच खत मातीत पेरतं. पाचटावर फेकलेल्या युरियाचा अमोनिया होऊन उडतो, आणि चुनखडीच्या विम्ल जमिनीत तर जास्तच. इथे तो रस्ताच बंद होतो. पाचटातून किती नत्र येईल यावर भिस्त न ठेवता, घातलेलं नत्र जाऊ न देणं हे जास्त खात्रीचं आहे.

म्हणून पाचटावर काम करणार असाल, तर निदान चार प्लॉट ठेवा: नुसती जमीन, नुसतं पाचट, पाचटावर फेकलेलं खत, पाचटाखाली पेरलेलं खत. जमलं तर कोपऱ्यात एक छोटा नत्र-15 चा तुकडा. आणि एका खोडव्यावर थांबू नका. ‘मिळतं’ हे क्रियापद लिहायचा हक्क त्यानंतरच येतो.