चित्रवाणीवरील ग्रंथसमीक्षा : एका जर्मन वादाच्या निमित्ताने

चित्रवाणीवर होते ती समीक्षा नव्हे, ती ग्रंथांची जाहिरात होय, असे मत विद्वानांत बऱ्याच अंशी रूढ आहे. हे मत तपासून पाहावयाचे तर जर्मनीतील झेडडीएफ या वाहिनीवरील ‘दास लिटरारिशे क्वार्टेट’ या कार्यक्रमाइतके सोयीचे उदाहरण क्वचितच सापडेल. १९८८ च्या मार्चपासून २००१ च्या डिसेंबरपर्यंत त्याचे ७७ नियमित प्रयोग झाले. (नावाचे भाषांतर ‘साहित्यिक चौकडी’ असे करण्याचा मोह होतो, परंतु मराठीत त्या शब्दाला कारस्थानाचा वास आहे. येथे कारस्थान नव्हते, भांडण होते आणि तेही उघड्यावर.)

कार्यक्रमाची रचना अगदी साधी होती. चार आसने, समोर श्रोते आणि सव्वा तासात सामान्यतः पाच पुस्तके. लेखकाच्या गावाची दृश्ये नाहीत, लेखकाची मुलाखतही नाही. मार्सेल रायश-रानिकी, हेल्मुट कारासेक व झिग्रिड लोफ्लर हे तिघे समीक्षक कायमचे. चौथ्या आसनावर, प्रारंभीचा काळ सोडल्यास, दर वेळी निराळा पाहुणा. वॉर्सातील ज्यूंच्या कोंडवाड्यातून वाचलेले आणि पुढे १९७३ ते १९८८ या काळात ‘फ्रांकफुर्टर आल्गेमाइने’ या दैनिकाचा साहित्यविभाग सांभाळणारे रायश-रानिकी हे या मंडळाचे अग्रणी होते. समीक्षकाचे पहिले कर्तव्य म्हणजे स्पष्टता, ही त्यांची धारणा. ती चित्रवाणीला मानवली, हे खरे. परंतु चित्रवाणीसाठी त्यांनी ती बनविली नव्हती.

या चर्चेचे सामर्थ्य निर्विवाद आहे. हाव्हिएर मारिआस यांची एक स्पॅनिश कादंबरी १९९६ मध्ये येथे गौरविली गेली आणि जर्मनीत ती लाखोंनी खपली. ग्रंथविक्रीवर असा परिणाम घडविणे कोणाही विद्यापीठीय समीक्षकाच्या आवाक्याबाहेरचे आहे. तथापि खप हा काही समीक्षेचा निकष नव्हे. निर्णयाला आधार काय दिला गेला, हा खरा प्रश्न आहे. आणि त्या दृष्टीने ३० जून २००० चा प्रयोग अधिक बोलका ठरतो.

त्या दिवशी हारुकी मुराकामी यांची एक कादंबरी चर्चेला होती. लोफ्लर यांनी तिला ‘झटपट खाद्या’च्या पंक्तीला बसविले व तिच्या भाषेच्या दारिद्र्यावर बोट ठेवले. रायश-रानिकी यांना ती कोमल व उत्कट वाटली. मतभेद येथवर थांबता तर तो रुचिभेद ठरला असता. परंतु लोफ्लर यांना साहित्यातील शृंगारच सोसत नाही, असा आरोप रायश-रानिकी यांनी केला आणि कादंबरी बाजूला राहून व्यक्ती चर्चेचा विषय झाली. पुढे लोफ्लर कार्यक्रमातून बाहेर पडल्या व त्यांच्या जागी इरिस राडिश आल्या. वृत्तपत्रांनी या प्रकरणातील नाट्य चवीने चघळले.

वस्तुतः महत्त्वाची गोष्ट निराळीच होती. १९९२ च्या या जपानी कादंबरीचा जर्मन अनुवाद जपानीवरून नव्हे, फिलिप गेब्रिएल यांच्या इंग्रजी भाषांतरावरून झाला होता. म्हणजे ज्या भाषेवर आक्षेप घेतला गेला ती लेखकापासून दोन पावले दूर होती. आणि जिची कोमलता वाखाणली गेली तीही तितकीच दूर. अनुवादाचा हा प्रश्न पुढील चर्चेत जोराने उपस्थित झाला. आसनांवरील वादाचा रोख मात्र तिकडे वळला नाही. पंधरा मिनिटांत संहितेची चिकित्सा होत नाही, हे समर्थन येथे अपुरे आहे. ज्यावरून भाषांतर झाले ती भाषा कोणती, हे सांगावयास एक वाक्य पुरते.

मराठी अभ्यासकाने या प्रमादाकडे वरून पाहण्याचे कारण नाही. रशियन व फ्रेंच कादंबऱ्या मराठीत बव्हंशी इंग्रजीच्याच वाटेने आल्या आणि त्यांच्या ‘शैली’वर आपल्याकडेही विश्वासाने लिहिले गेले आहे. फरक एवढाच की छापील लेखातील अशी चूक ग्रंथालयात निवांत पडून राहते. चित्रवाणीवरची लाखोंच्या देखत घडते. म्हणूनच ती लौकर पकडलीही जाते. ‘जाहिरात’ म्हणून या कार्यक्रमाला झटकून टाकणाऱ्यांनी याचा विचार करावयास हवा : कडाक्याचे भांडण झाले नसते, तर त्या अनुवादाची एवढी चौकशी क्वचितच झाली असती.

त्या कादंबरीचा थेट जपानीवरून केलेला उर्सुला ग्रेफे यांचा जर्मन अनुवाद २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. लोफ्लर यांच्या आक्षेपांपैकी कोणता मुराकामींवर लागू पडतो आणि कोणता मधल्या भाषेवर, हे जपानी न जाणणाऱ्या जर्मन वाचकाला दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून पडताळता येऊ लागले, ते त्यानंतर.