स्प्रिंग चौकटीतील व्याप्ती-संज्ञा

एखाद्या वस्तूने आपल्या गरजेच्या वस्तू स्वतः न घडविता त्या तिला बाहेरून पुरविल्या जाव्यात, हे अवलंबित्व-पुरवठ्याचे तत्त्व होय. २००४ साली १.० आवृत्ती निघालेल्या ‘स्प्रिंग’ या जावा चौकटीत पुरविलेल्या वस्तूच्या व्याप्तीस ‘स्कोप’ म्हणतात. तिच्या प्रकारांची नावे मात्र एका निकषावर उभी नाहीत.

अंबरनाथ स्थानकाचा दाखला घ्यावा. फलाट सर्वांना एकच. पास व्यक्तिगणिक, ठरावीक मुदतीचा. तिकीट प्रवासागणिक नवे. ‘सिंगलटन’, ‘सेशन’ व ‘रिक्वेस्ट’ यांचा भेद असाच आहे. पहिले नाव संख्या सांगते, पुढील दोन कालमर्यादा. ‘प्रोटोटाइप’ यांपैकी काहीच सांगत नाही. १९९४ च्या ‘डिझाइन पॅटर्न्स’ या ग्रंथात ती संज्ञा नमुन्याची प्रत काढण्यास योजिली आहे. येथे प्रत निघत नाही, मागणीगणिक नवी वस्तू घडते. डॉटनेटमधील ‘ट्रान्झियंट’, म्हणजे अल्पजीवी, ही संज्ञा अधिक यथार्थ होय.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. ‘प्रोटोटाइप’ वस्तू ‘सिंगलटन’मध्ये थेट घातली, की ती त्याच्यापुरती एकदाच घडते आणि त्याच्याइतकीच टिकते; पहिल्या प्रवाशाचे तिकीट फलाटाला खिळून पुढील सर्वांसाठी चालावे, तसे. मग एकाची माहिती दुसऱ्यास दिसू शकते. व्याप्ती हा वस्तूचा स्वभाव नसून मागणाऱ्याशी असलेला तिचा संबंध आहे. संज्ञेने तोच सांगावयास हवा.