होतकरू मल्लाची पारख आणि ‘कच्चा’ हे विशेषण

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात शिरूर व दौंड हे तालुके भीमेच्या दोन तीरांवर शेजारी वसले आहेत. तेथील जत्रांच्या आखाड्यात कुस्तीची जोड प्रथम नजरेनेच ठरते. पोर समोर उभे राहिले की जाणती मंडळी त्याची उंची, चण व हाडपेर न्याहाळतात आणि अभिप्राय देतात, ‘अंगाने चांगला आहे, पण कच्चा आहे.’ या अभिप्रायाचा अर्थ लावणे हा केवळ शब्दच्छल नव्हे. मुलाला तालमीत ठेवावे की नाही आणि दूध, तूप, बदाम यांचा खर्च वर्षानुवर्षे सोसावा की नाही, हे त्याच्या घरचे लोक त्यावरूनच ठरवीत असतात.

मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशातही ‘कच्चा’ या शब्दाच्या अनेक छटा एकत्र नांदताना दिसतात. कच्चा आंबा म्हणजे ज्याचा काळ अद्याप यावयाचा आहे तो; कच्चा रस्ता म्हणजे जो मुळातच टिकाऊ नाही तो. पहिल्या प्रयोगात अपेक्षा आहे, दुसऱ्यात निकाल आहे. आखाड्यातील अभिप्राय या दोहोंपैकी कोणता, हे बोलणाराही पुष्कळदा ठरवीत नाही. ऐकणारा मात्र आपल्या आशेप्रमाणे वा भीतीप्रमाणे अर्थ घेतो.

‘गणितात कच्चा’ या प्रयोगात सप्तमी आहे. त्यामुळे दोष कोठे आहे ते कळते. मल्लाविषयीही ‘कशात कच्चा?’ असे विचारावयास हवे. पट काढणे वा ढाक मारणे जमत नसेल तर ती उणीव वस्तादाच्या हाताखाली भरून निघण्याजोगी असते. तोल सावरत नसेल, पाय जड पडत असतील, तर काम अधिक अवघड. रोज चीत होऊनही दुसऱ्या दिवशी लंगोट कसण्याची इच्छा नसेल, तर देहाची थोरवी निरुपयोगी ठरते.

याच्या उलट प्रमाद देहाला भुलण्याचा. बाराव्या वर्षी उंच दिसणारा मुलगा कधी कधी केवळ लवकर वाढलेला असतो. पुढे सोबती त्याला गाठतात. उंची, वजन व धाव यांच्या चाचण्या आजची स्थिती सांगतात. शिकण्याची पात्रता त्यांतून पुरती उमगत नाही.

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये आक्रमणाच्या पाच जणांच्या फळीसाठी मुले निवडणाऱ्यांपुढेही हाच पेच असतो. देह आहे, तंत्र नाही. तेथे अशा नवागताला पहिले वर्ष सामन्यांबाहेर ठेवून तयार करण्याची प्रथा रूढ झाली. कच्चेपणाला तेथे निश्चित मुदत मिळाली.

आपल्या अभिप्रायात उणिवेचे स्थळ नाही आणि मुदतही नाही. ही दोन्ही सांगितल्यावाचून दिलेला ‘कच्चा’ हा शेरा पारख म्हणून स्वीकारता येणार नाही; त्याने परीक्षक तेवढा सुरक्षित राहतो, जोखीम मुलाच्या माथी येते.